सरंजाम आणि सार्वभौमत्व

सन १९६० च्या एप्रिल महिन्याच्या १२ तारखेस हॉलंडमधील हेग या शहरी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एक निकाल दिला. वादी पोर्तुगाल, प्रतिवादी भारत, आणि वादाचे कारण दमणच्या किनाऱ्यापासून आत, चोहोबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेली दादरा व नगरहवेली येथील ७२ खेडी. या निकालपत्रात ‘जहागीर’ आणि ‘सरंजाम’ हे दोन शब्द पुनःपुन्हा येतात. पुण्याच्या फडात कारकून जे शब्द रोज बोरूने लिहीत असत, त्यांचा नेमका अर्थ काय, याचा विचार जगातील १५ न्यायाधीशांना करावा लागला, आणि त्या अर्थावर दोन राष्ट्रांच्या हक्कांचा पहिला प्रश्न अवलंबून राहिला.

आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे परक्यांनी परक्यांकरिता रचलेले एक दूरचे शास्त्र होय, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर खेड्यातील मुलांना इतिहास शिकविणाऱ्या मनुष्याने त्या विषयावर बोलावे, हेही कित्येकांस धाडसाचे वाटेल. परंतु या खटल्याचे मूळ मराठी सनदांत आहे, आणि त्याचे मर्म समजण्यास लागणारा अनुभव आपल्या गोंदिया-भंडारा भागातील शेतकऱ्याच्या गाठी आधीच आहे. म्हणूनच आजच्या भाषणासाठी मी हा विषय निवडला आहे.

प्रथम मूळ हकीकत पाहू. सन १७७९ मध्ये पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांच्या नावे नाना फडणीस कारभार पाहत होते. इंग्रजांशी युद्ध चालू होते. वडगावचा प्रसंग त्याच वर्षाच्या जानेवारीतील. अशा वेळी गोव्याच्या पोर्तुगीज सरकारची मैत्री राखणे पुणे दरबारास अगत्याचे वाटले. त्या वर्षी उभयतांत तह ठरला. त्याच्या सतराव्या कलमान्वये दमणच्या बाजूची काही गावे, वर्षास १२,००० रुपये वसुलाची, पोर्तुगीजांकडे लावून द्यावयाची होती. पुढे १७८३ व १७८५ साली त्या गावांच्या सनदा निघाल्या.

त्यानंतर पेशवाई गेली. १८१८ साली तो सारा मुलूख इंग्रजांच्या हाती आला, १९४७ साली इंग्रजही गेले, परंतु पोर्तुगीज मात्र त्या खेड्यांत होते तेथेच राहिले. १९५४ च्या जुलै महिन्यात भारत सरकारने दमणहून त्या खेड्यांकडे जाणारी पोर्तुगीजांची वाट बंद केली. त्याच सुमारास तेथील पोर्तुगीज अंमल उलथून पडला. २१ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या मंडळींनी दादरा घेतले. पुढे आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण नगरहवेलीत शिरले, आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मोकळे झाले. या तरुणांत विश्वनाथ लवंदे होते, तसेच पुढे संगीतकार म्हणून घरोघरी पोहोचलेले सुधीर फडकेही होते.

पोर्तुगालने यावर जो मार्ग धरला तो कायद्याचा. १४ डिसेंबर १९५५ रोजी ते राष्ट्र संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद झाले. १९ डिसेंबरला त्याने हेगच्या न्यायालयाची सक्तीची अधिकारिता मान्य केल्याचे जाहीर केले. आणि २२ डिसेंबरला, म्हणजे अवघ्या तीन दिवसांनी, भारतावर फिर्याद दाखल केली. दमणहून आपल्या मुलुखात जाण्यायेण्याचा आमचा हक्क भारताने बुडविला, हे फिर्यादीचे सार. भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या. २६ नोव्हेंबर १९५७ च्या निर्णयाने त्यांपैकी चार फेटाळल्या गेल्या आणि दोन मुख्य वादाबरोबर विचारासाठी ठेवण्यात आल्या. भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे होते. भारतातर्फे न्यायासनावर बसण्याचा मान मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छगला यांस मिळाला होता.

आता न्यायालयापुढील पहिला प्रश्न घ्या. पेशव्यांनी दिले ते काय? पोर्तुगालचे म्हणणे असे की, आम्हांस गावे मिळाली ती पूर्ण राज्याधिकारासह. भारताचे म्हणणे असे की, मुळात हा तह विधिपूर्वक पुरा झालाच नाही. आणि झाला असे मानले तरी त्यायोगे मिळाला तो केवळ वसूल खाण्याचा हक्क. या दोहोंपैकी पहिले म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. खुद्द मराठ्यांनी त्या तहाच्या बंधनकारकतेविषयी कधी शंका घेतली नव्हती. शिवाय अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात झालेला करार पुढे कित्येक वर्षांनी हळूहळू घडलेल्या रीतिरिवाजांच्या मापाने मोजणे योग्य नव्हे, असेही न्यायालय म्हणाले. परंतु भारताचे दुसरे म्हणणे त्यास पटले. सनदांतील शब्द जहागीर व सरंजाम यांचे निदर्शक होते, आणि अशा देणगीचा अर्थ राज्यदान असा कोठे लावला गेल्याचे एकही उदाहरण न्यायालयापुढे आले नाही. उलट, मराठ्यांना जेव्हा मुलूख कायमचा तोडून द्यावयाचा असे तेव्हा ते आपल्या तहांत तसे स्पष्ट शब्द घालीत, हे इतर कागदांवरून दिसून आले. म्हणजे पेशव्यांच्या हयातीत त्या खेड्यांचे राजे पेशवेच होते आणि पोर्तुगीज त्यांचे सरंजामदार.

येथे विद्वानांमधील एका मोठ्या वादाचा उल्लेख केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विधिज्ञ असे मानू लागले होते की, राष्ट्राराष्ट्रांमधील कायदा हा ‘सुधारलेल्या’ राष्ट्रांपुरता आहे आणि आशियातील दरबार त्याच्या कक्षेबाहेरचे. मद्रास विद्यापीठात अध्यापन केलेले पोलिश वंशाचे विधिज्ञ चार्ल्स अलेक्झांड्रोविच यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच्या उलट बाजू मांडली. पूर्वेकडील राजे आणि युरोपातील सत्ता यांचे तह पूर्वी बरोबरीच्या नात्याने होत असत, ही बरोबरी नाकारण्यात आली ती नंतर, असे त्यांचे प्रतिपादन. ही बरोबरी कितपत खरी होती यावर अद्याप चर्चा चालू आहे. अँटनी अँघी, आपल्याकडील बी. एस. चिमनी इत्यादी अभ्यासक तर असे दाखवितात की, वसाहतींवर राज्य करण्याच्या गरजेतूनच या कायद्याच्या कित्येक मूळ कल्पना घडल्या आहेत. या वादात पुणे दरबारच्या तहाचे उदाहरण मोलाचे आहे. पेशव्यांनी केलेला तह हा खराखुरा तह होय, आणि त्याचा अर्थ पेशव्यांच्याच परिभाषेत लावावयाचा, एवढे तरी जागतिक न्यायासनाने मान्य केले.

सनदेचा अर्थ असा भारताच्या बाजूने लागल्यावर भारताने सर्वच जिंकले असेल, असे श्रोत्यांस वाटेल. तसे झाले नाही. न्यायालय पुढे म्हणाले की, इंग्रज या प्रदेशाचे धनी झाल्यावर परिस्थिती पालटली. पोर्तुगीज त्या खेड्यांत राजाप्रमाणे वागत राहिले, इंग्रजांनी ते चालू दिले, आणि वागणुकीने त्यांचे सार्वभौमत्व मान्य केले. पुढे स्वतंत्र भारतानेही ती स्थिती मुकाट्याने पत्करली. सारांश, जे पेशव्यांनी दिले नव्हते ते पोर्तुगालला इंग्रजांच्या न बोलण्याने मिळाले.

हे चमत्कारिक वाटते खरे, परंतु आपल्या जिल्ह्यातील वृद्धांस त्यात नवल वाटू नये. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग असलेला हा आपला प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्या राज्यात मालगुजार म्हणजे गावचा वसूल गोळा करून सरकारात भरणारा मनुष्य. गाव काही त्याच्या मालकीचे नव्हे. १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, आणि पुढे १८६० नंतरच्या बंदोबस्तात त्याच मालगुजारांना गावाचे मालकी हक्क बहाल केले. वसूल करणारा मालक झाला. जमीन तीच, मनुष्य तोच, पण कागद निराळा. पुढे ३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेश सरकारच्या कायद्याने ते मालकी हक्क संपले आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. आज आपण ज्यांना ‘मामा तलाव’ म्हणतो ते हेच माजी मालगुजारी तलाव. दादरा-नगरहवेलीत वसुलाचा धनी राजा बनला, आपल्याकडे वसुलाचा धनी मालक बनला. दोन्ही ठिकाणी बदल घडला तो राज्यपालटाच्या सांध्यात. जुन्या राज्याची परिभाषा नव्या राज्यकर्त्यास एक तर कळली नाही, अथवा कळूनही ती वापरणे त्यास सोयीचे वाटले नाही. आणि दोन्ही ठिकाणी त्या जमिनीवर राबणाऱ्यास कोणी विचारले नाही.

यानंतरचा प्रश्न वाटेचा. त्यासाठी तर मराठीत एक नामी शब्दच आहे: वहिवाट. पलीकडच्या शेतकऱ्याची गाडी आपल्या धुऱ्यावरून पिढ्यानपिढ्या जात असेल, आणि ती सोय म्हणून नव्हे तर त्याचा हक्क म्हणून उभयतांनी मानली असेल, तर पुढे एके दिवशी मध्येच काट्या टाकता येत नाहीत. आपल्या जुन्या ‘वाजिब-उल्-अर्ज’मध्ये गावाच्या चालीरीती नोंदविल्या जात; पाणी, चराई, सरपण यांचे निस्ताराचे हक्क आजही अशाच नोंदींच्या आधारे सांगितले जातात. न्यायालयाने राष्ट्रांच्या बाबतीत हेच तत्त्व लावले. भारताने हरकत घेतली होती की, रूढी म्हटली म्हणजे ती पुष्कळ राष्ट्रांची हवी, दोघांचीच रूढी कशी असेल? न्यायालयाने उत्तर दिले की, दोन राष्ट्रांमध्येही स्थानिक रूढी उत्पन्न होऊ शकते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ खाजगी माणसे, मुलकी अंमलदार आणि सामान्य माल ही दमण व त्या खेड्यांच्या दरम्यान अडथळ्याशिवाय जात-येत होती. तेव्हा तेवढ्यापुरती ती वहिवाट हक्काची ठरली. या मुद्द्यावर ११ विरुद्ध ४ अशी मते पडली.

परंतु वहिवाट जेवढी असेल तेवढाच हक्क. बैलगाडी नेण्याची चाल आहे म्हणून त्याच वाटेने लाठ्याकाठ्यांनिशी जमाव नेण्याचा अधिकार येत नाही. फौजेच्या बाबतीत इंग्रज व पोर्तुगीज यांमध्ये १८७८ साली झालेल्या तहानेच असे ठरले होते की, एकाच्या सैन्याने दुसऱ्याच्या हद्दीत विनापरवाना शिरू नये. डिसेंबर १८९० मध्ये मुंबई सरकारने गोव्याच्या गव्हर्नर जनरलकडे तक्रार केली की, तुमचे शिपाई पारडी तालुक्यातून नगरहवेलीकडे जात-येत असतात. त्यावर पोर्तुगीजांनी उत्तर दिले की, आमचे सैन्य अगोदर परवानगी घेतल्यावाचून जात नाही. सत्तर वर्षांपूर्वी प्रसंग निभावून नेण्याकरिता लिहिलेले ते पत्र हेग येथे त्यांच्याच अंगावर उलटले. जेथे दरवेळी परवानगी मागावी लागते तेथे हक्क कसला? सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे व दारूगोळा यांना वाटेचा हक्क नाही, असे ८ विरुद्ध ७ मतांनी ठरले. एका मताचा हा फरक! ते एक मत पलीकडे पडते, तर कायद्याच्या दृष्टीने पोर्तुगीज फौजेची वाट भारताच्या भूमीवरून गेली असती.

शेवटचा प्रश्न असा की, १९५४ साली भारताने वाट अडविली तेव्हा त्या मर्यादित हक्काचा भंग झाला काय? न्यायालयाने ९ विरुद्ध ६ मतांनी ‘नाही’ म्हटले. पोर्तुगालचा हक्क भारताच्या नियंत्रणास अधीन होता; दादरा येथील अंमल उलथल्यामुळे आसपासच्या भारतीय प्रदेशात क्षोभ माजला असता वाट बंद ठेवणे हे त्या नियंत्रणाच्या अधिकारात बसते, असा त्याचा आशय. पोर्तुगालला तत्त्वतः वाट मिळाली, व्यवहारात काही मिळाले नाही. तेथील स्वतंत्र कारभार आणखी वर्षभर चालला. १९६१ साली बदलानी नावाचे एक सनदी अधिकारी विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यापुरते एका दिवसाचे पंतप्रधान झाले, आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून तो प्रदेश भारतात आला. पोर्तुगालने या सर्व प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने मान्य केले. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगरहवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

श्रोतेहो, या निकालात जे आहे त्यापेक्षा जे नाही ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या ७२ खेड्यांत वारली, कोकणा, धोडिया इत्यादी आदिवासी शेतकरी राहत होते. त्यांच्या गावांचा वसूल कोणाचा, त्यांच्या वाटा कोणाच्या, त्यांचा राजा कोण, याचा खल चार वर्षांहून अधिक काळ झाला. परंतु त्यांना काय हवे होते हा प्रश्न फिर्यादीत नव्हता, म्हणून निकालातही नाही. अर्जेंटिनाचे न्यायाधीश मोरेनो किंताना यांनी आपल्या भिन्नमतपत्रात, अशा दाव्यास मान्यता देणे म्हणजे वसाहतींची पद्धती टिकवून धरण्यासारखे होईल, असा इशारा दिला. परंतु बहुमताची वाट निराळी होती. पुढे आठच महिन्यांनी, १४ डिसेंबर १९६० रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा १५१४ क्रमांकाचा ठराव केला. त्या ठरावाचे कायदेशीर वजन किती यावर विधिज्ञांत दीर्घकाळ मतभेद राहिले. अखेर २५ फेब्रुवारी २०१९ रोजी, हिंदी महासागरातील चागोस बेटांसंबंधीच्या सल्ला-मतात, त्याच हेगच्या न्यायालयाने सांगितले की, हा ठराव स्वयंनिर्णयाचा हक्क रूढ कायदा म्हणून दृढ होण्याच्या मार्गातील एक निर्णायक टप्पा होता. जो प्रश्न १९६० साली कोणी विचारला नव्हता त्यास कायद्याच्या दरबारी जागा मिळण्यास इतका काळ लोटला.

दुसरी गोष्ट मौनाची. न बोलण्याने राज्य जाते हा धडा एकट्या नगरहवेलीचा नव्हे. १९६२ साली प्रीह विहार येथील देवालय त्याच न्यायालयाने कंबोडियाचे ठरविले. त्याचे एक प्रमुख कारण असे की, फ्रेंच अधिकाऱ्यांनी काढलेल्या नकाशावर सयामने वेळीच हरकत घेतली नव्हती. २००८ साली पेद्रा ब्रांका हे चिमुकले खडकाळ बेट सिंगापूरकडे गेले. तेथे १९५३ साली जोहोर संस्थानच्या एका अधिकाऱ्याने, या बेटावर आमची मालकी नाही, असे पत्र लिहून ठेवले होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०१८ साली रूढ कायदा ओळखण्याविषयी १६ निष्कर्ष मंजूर केले. त्यांपैकी शेवटच्या निष्कर्षात मोजक्या राष्ट्रांपुरत्या रूढीस स्थान दिलेले आहे. तसेच मौनास संमती केव्हा मानावे याचेही माप त्यात सांगितले आहे: ज्याने बोलावयाचे त्याला बोलणे शक्य असले पाहिजे, आणि प्रसंगही बोलण्याजोगा असला पाहिजे. हे माप न्याय्य आहे. परंतु परक्याच्या राज्यात दडपलेल्या प्रजेला बोलणे शक्य होते काय, आणि तिच्या वतीने परका गप्प बसला तर ते मौन तिचे मानावे काय, हा प्रश्न उरतोच. आजच्या चर्चेतील खरी गाठ येथे आहे. माझ्या अल्प मतीस तरी असे वाटते की, अशा मौनाने फार तर राजाचे हात बांधले जावेत, प्रजेचे नव्हेत.

भारताने या खटल्यापासून व्यवहाराचा धडा घेतला. आपल्या १९७४ च्या घोषणापत्रात एक अट होती: न्यायालयाची अधिकारिता स्वीकारून ज्या राष्ट्रास बारा महिने झाले नाहीत त्याच्या फिर्यादीस आम्ही बांधील नाही. तीन दिवसांत फिर्याद ठोकण्याचा मार्ग त्यायोगे बंद झाला.

सर्वसामान्य माणसासाठी धडा याहून साधा आहे. पुण्यातील पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आजही आहेत, आणि ते सुलभतेने वाचू शकणारी माणसे थोडी आहेत. ‘सरंजाम’ म्हणजे राज्य नव्हे, हे हेग येथे सिद्ध करता आले, कारण तो शब्द आणि त्याचा वापर कागदांत जिवंत होता व तो समजणारे लोक होते. प्रत्येक गावाच्या निस्तारपत्रकात, पांदणीच्या नोंदीत, तलावाच्या पाणीवाटपाच्या चालीत असेच शब्द पडून आहेत. ते वाचणारा आणि प्रसंगी त्यावर हरकत अथवा साक्ष देणारा एक तरी मनुष्य प्रत्येक गावी असावा. नाही तर त्या शब्दांचा अर्थ दुसराच कोणी ठरवील, आणि आपण त्यास संमती दिली असे पुढे लिहून ठेवील.